डिंक घातलेला चुना

किल्ला कसा बघावा हे या पृथ्वीतलावर फक्त एका माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. हे मत मुळात मामांचंच. लग्नानंतरची पाच-सहा वर्षं मी ते हसण्यावारी नेलं, पुढची पाच-सहा वर्षं त्यावर वाद घातला, आणि आता मला विचाराल तर मामांनी स्वतःबद्दल जरा कमीच सांगितलं होतं असं मी म्हणेन. मामा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि थेट गावी येऊन राहिले. गाव वडूजच्या अलीकडे, माळावर एकट्याच उभ्या असलेल्या एका गडाच्या पायथ्याशी. गडाचं नाव मी लिहीत नाही. "नाव छापलं तर मोबाइलवाल्यांची टोळधाड यील, आन ती तुमी निस्तरायची," असं मामांनी मला बजावलंय. खटाव तालुक्यात गड काही एकच नाही, ज्याला हौस असेल त्याने शोधावा.

गावाने आल्या आल्या मामांना सरपंच व्हा म्हटलं, सोसायटीत या म्हटलं. मामांनी दोन्हीला नकार देऊन गड घेतला. घेतला म्हणजे कुणी दिला नव्हता, पण पहिल्याच आठवड्यात ते हातात काठी घेऊन सकाळी सहाला वर गेले आणि तेव्हापासून गड त्यांचा झाला. मी जावई म्हणून पहिल्यांदा गेलो तेव्हा मला सहाचं बोलावणं होतं. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे मोटारसायकल हाणत मी सव्वासहाला पोचलो, पायात लग्नातले चामडी बूट. मामांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग मामींना म्हणाले, "ह्येन्ला बाबूच्या जुन्या चपला द्या." बाबू म्हणजे त्यांचा मुलगा. तो तेव्हाच सांगलीला नोकरीला लागला होता आणि गडापासून सुरक्षित अंतरावर होता.

मला वाटलं, आता पायऱ्या चढायच्या. पण मामांच्या पद्धतीत गडावर चढणं ही शेवटची गोष्ट. "आवं जावईबापू, आदी दुश्मन व्हा, मग पाव्हणं व्हा," ते म्हणाले आणि त्यांनी मला गडाच्या घेऱ्यातून, बोरीबाभळींतून, गडाला पूर्ण फेरी मारायला नेलं. दर शंभर पावलांवर थांबायचे, काठी वर करायचे आणि विचारायचे, "हितनं चढाल?" मी वर बघायचो, कातळ दिसायचा, मी नाही म्हणायचो. "का न्हाई?" मग कारण द्यायचं. इथे कडा आहे, इथे बुरूज अगदी डोक्यावर येतो, इथे घसारा आहे. दोन तासांनी आम्ही फिरून गावाच्या बाजूला, खऱ्या वाटेपाशी आलो. मामांनी पायऱ्यांकडे काठी केली. "आन हितनं?" मी म्हणालो, "मामा, मी आता कुठूनच चढणार नाही." ते एवढे खूश झाले की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरूबर! दुश्मनाला आसंच वाटाया पायजे!"

माझे साडू पुण्याचे. किती पावलं चाललो हे मनगटावर मोजत चालणारे. त्यांना मामांनी पायथ्याशी पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी दिली. "ही वर न्ह्याची. सांडली तर खाली यून परत भरायची." साडूंना आधी ती गंमत वाटली. पहिल्या वळणावर त्यांची गंमत संपली आणि दुसऱ्या वळणावर बोलणं. वर पोचल्यावर मामांनी कळशीत डोकावून पाहिलं, पसंतीची मान हलवली, आणि ते पाणी वडाच्या एका रोपट्याला घातलं. साडू घाम पुसत माझ्या कानाशी आले. मला वाटलं, आता मामांच्या नावाने शंख करणार. पण ते म्हणाले, "अरे, पायऱ्या एवढ्या बुटक्या आणि रुंद का आहेत ते आत्ता कळलं. डोक्यावर ओझं असलं की उंच पायरी चढवतच नाही." हेच तर मामांना सांगायचं होतं. पण ते सांगत नसत, चढायला लावत.

गड कुणी बांधला याबद्दल गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांचे लोक यात्रेत भांडतात. मामा त्या भांडणात पडत नाहीत. "बांधला कुनी ते ऱ्हाऊ द्या, राखला कुनी ते इचारा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वर गेल्यावर वाड्याच्या जोत्यापाशी इतर लोक हात जोडतात, फोटो काढतात. मामा चालता चालता काठीने दाखवायचे, "हितं मोठी मानसं बसायची. चला फुडं." पण तटातल्या शौचकुपापाशी त्यांचं वीस मिनिटं व्याख्यान व्हायचं, कारण पहारा सोडून शिपायाला लांब जावं लागू नये म्हणून ते तिथेच बांधलंय. बुरुजावर वारा कुठून लागतो, पहारेकरी पाठ कुठे टेकत असेल, ऊन वळलं की तो कुठे सरकत असेल, हे ते स्वतः उभं राहून, टेकून, सरकून दाखवायचे. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने किती पहारे दिले असतील कोण जाणे, पण गडावर आले की त्यांना राजा दिसतच नसे, दिसे तो फक्त बिनचेहऱ्याचा एक शिपाई. एकदा कॉलेजची सहल आली होती. त्यातल्या एकीने विचारलं, "काका, इथे कुठली लढाई झाली?" मामा म्हणाले, "एकबी न्हाई." मुलांचे चेहरे पडले. "मग इथला इतिहास काय?" मामा म्हणाले, "कुनीतरी रोज जागा व्हता, म्हनून लढाई झाली न्हाई. ह्योच हितिहास." पोरं गप्प झाली. मीही झालो, आणि मला गप्प करणं सोपं नाही असं माझी बायको म्हणते.

गडावर कुणी कचरा टाकला, दगडावर नाव लिहिलं, की मामांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एका प्रेमवीराने तटावर कोळशाने आपलं नाव, बाणाने भेदलेला बदाम आणि खाली हौसेने मोबाइल नंबरही लिहिला होता. मामांनी त्या नंबरवर फोन लावला. "तुमचं नाव हितं गडावर ऱ्हायलंय. यून घिऊन जावा." पलीकडून आधी हसणं, मग शिव्या, मग फोन बंद. मामांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. अकराव्या दिवशी तो गडी कऱ्हाडहून बादली घेऊन आला. मामांनी त्याला पाणी दिलं, घासायला काथ्या दिला, आणि काम झाल्यावर मामींच्या हातची भाकरी आणि खरडा खायला घातला. तो जाताना मामांच्या पाया पडून गेला. असा हा माणूस. आणि याच माणसाच्या हातून त्या गडावर आजवरचा सगळ्यात मोठा गुन्हा घडला, आणि तो उघडकीला आणण्यात थोडा वाटा माझाही होता.

झालं असं की गडावरच्या देवीची यात्रा जवळ आली होती आणि पाहुणे म्हणून बडी मंडळी येणार होती. मामांनी ठरवलं, वाट कशी झकपक पाहिजे. आता छावणीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या लेखी झकपक म्हणजे काय? साहेब यायचे असले की झाडांच्या बुंध्यांना, रस्त्याकडेच्या दगडांना, पाण्याच्या टाकीला, सगळ्यांना चुना आणि गेरू. एक पांढरा, एक तांबडा, ओळीने. मामांनी आठ दिवस कंबर कसून काम केलं. पायथ्यापासून दरवाजापर्यंत प्रत्येक पायरीची कड पांढरी, वाटेच्या दोन्ही बाजूंचे दगड एक पांढरा एक तांबडा, आणि दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांना बसायला जे दोन दगडी ओटे असतात, ज्यांना देवडी म्हणतात, ते गेरूने लालभडक. गाव खूश. "सुभेदार, लय झ्याक! गड नवा करून टाकला!" मीही खूश. मीच फोटो काढले आणि हौसेने माझ्या ओळखीच्या एका बाईंना पाठवले. या बाई सांगलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांचं उत्तर आलं नाही, पुढच्या रविवारी त्या स्वतःच आल्या.

बाई पहिल्या पायरीपाशी उभ्या राहिल्या आणि वरपर्यंतच्या पांढऱ्या-तांबड्या ओळींवरून नजर फिरवत राहिल्या. मामांना वाटलं, भारावल्या. "हा रंग किती दिवस टिकेल?" बाईंनी विचारलं. मामा ताठ झाले. "म्याडम, वीस वर्सं हात लावाया नको. चुन्यात डिंक घातलाय, मीठ घातलंय. घोटून घोटून." बाई तिथल्याच एका दगडावर बसल्या. मग उठून त्यांनी मामांना बरंच वर, तटाखालच्या वळणावर, मामांच्या कुंच्यातून सुटलेल्या एका पायरीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "हात फिरवा." मामांनी हात फिरवला. "इथे छिन्नीचे घाव लागतात हाताला? आणि इथे, कडेला, दगड झिजून बशीसारखा खोल झालाय. मधोमध नाही, डाव्या बाजूला. का, सांगा?" मामांनी वर बघितलं, उजवीकडची दरी बघितली. "वज्झं घिऊन येनारा गडी तटाच्या कडंनं चालनार," ते हळू म्हणाले. "बरोबर," बाई म्हणाल्या, "म्हणजे ही त्यांची पावलं आहेत. त्यांचं दुसरं काहीच राहिलेलं नाही, मामा. नाव नाही, गाव नाही. ही झीज तेवढी आहे. आणि ती आता चुन्याने भरलीय."

बाई रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी प्रेमाने बोलल्या. मामा काठी टेकत खाली उतरले. गड उतरताना न बोललेले मामा मी पहिल्यांदा पाहिले आणि फोटो पाठवल्याबद्दल स्वतःला हजार शिव्या घातल्या. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं मामींनी मला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामा बारदानाची घडी, पाण्याची बादली आणि नारळाचा काथ्या घेऊन पहिल्या पायरीवर बसले होते.

बाईंनी अटी घातल्या होत्या. ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही, खरवडणं नाही. फक्त पाणी, काथ्या, आणि फटींसाठी बांबूची कामटी. आणि समोर होता मामांनी स्वतः घोटून घोटून केलेला, वीस वर्षं टिकणारा चुना. दिवसभर घासावं तेव्हा कुठे हातभर दगड मोकळा व्हायचा. त्यात त्या चुन्याची एक खोड होती. ओला असला की तो दिसत नसे. दगड काळाभोर, स्वच्छ दिसायचा, मामा समाधानाने घरी जायचे, आणि सकाळी येऊन बघावं तर वाळल्या दगडावर पांढरं पुन्हा उमटलेलं. "लय चिवट हाय गडी," मामा म्हणायचे, "म्याच घडीवलाय." गावाची तर करमणूकच झाली. "सुभेदार आदी रंगीवत्यात, मग धुत्यात. पेन्शन जिरंना वाटतं!" असं पारावरून कुणीतरी म्हणायचं. मामी कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "घराच्या भिताडाला पाच वर्सं कुंचा लागला न्हाई, आन हितं बगा." पण अकराच्या ठोक्याला भाकरीचं फडकं घेऊन त्या वर यायच्या आणि मामा जेवेपर्यंत वीतभर दगड घासून टाकायच्या. त्यांचा हात मामांपेक्षा चांगला होता. मामांनी ते कधी कबूल केलं नाही.

मी रविवारी जायचो, आधी नुसता गप्पा मारायला. चौथ्या रविवारी मामांनी माझ्या हातात काथ्या दिला. मी तासभर एक पायरी घासली. मामांनी ती वाळू दिली, मग चष्मा सावरून निरखली आणि विचारलं, "जावईबापू, कचेरीत बी तुमी आसंच काम करता का?" मी ती पायरी पुन्हा घासली. माझ्या सरकारी नोकरीत मी इतकं मन लावून काहीही केलेलं नाही, हे मी इथे कबूल करतो, आता मी निवृत्त झालोय, माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही.

खरी अडचण चुन्याची नव्हती, गुडघ्यांची होती. मामांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. बाबूने त्यांना सांगलीला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि त्यानंतर सपाटीवर हवं तेवढं फिरा, पण गड विसरा. बाबूने विश्रामबागेत लिफ्टवाला फ्लॅट घेतलेला, आईबापांची खोली तयार. मामांनी डॉक्टरांकडे मुदत मागितली. दसऱ्यानंतर येतो म्हणाले. दसरा गेला, मग संक्रांत म्हणाले. संक्रांतही गेली. बाबू चिडून मला फोन करायचा, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा. दगड महत्त्वाचे का पाय?" मी मामांना ते सांगितलं. मामा घासत होते, वर न बघता म्हणाले, "पाय माजं हायती, जावईबापू. दगड माजं न्हाईत. दुसऱ्याची वस्तू मी खराब केली, ती मीच नीट करून द्याची. मग पाय गेलं तरी चालत्याल."

शेवटची उरली होती ती देवडी. तिथला गेरू काढता काढता एके सकाळी मामा एकदम ओरडले, "आवं, हिकडं या!" ओट्याच्या दगडात, लाल रंगाखालून चौकोनात चौकोन कोरलेले दिसत होते, आडव्या-उभ्या रेघांनी जोडलेले. नवकंकरीचा पट. कधीकाळी पहाऱ्यावरच्या कुणीतरी वेळ जाईना म्हणून बसल्या बसल्या कोरलेला. मामांचा चेहरा त्या क्षणी जसा झाला तसा मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. "डूटीवर खेळत व्हता की रं लेका!" ते त्या पटाशीच बोलत होते. मग त्यांना आपली सुभेदारी आठवली असावी. चेहरा कडक करून म्हणाले, "माज्या हाताखाली असता तर सात दिस कोठडी दिली असती." आणि मग कामटीने, एकेक रेघ, तीन दिवस, एखाद्या तान्ह्या पोराचे कान साफ करावेत तसा त्यांनी तो पट मोकळा केला.

असं करता करता दोन वर्षं गेली, आणि चैत्रात बाई पुन्हा आल्या. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यांना उभं राहवत नव्हतं, म्हणून ते पायथ्याशीच बसून राहिले. बाई पहिल्या पायरीपासून दरवाजापर्यंत, वाकून वाकून, हात फिरवत गेल्या. आम्ही खालून त्यांचा पदर वळणावळणावर दिसेनासा होताना बघत होतो. मामांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. तासाभराने बाई उतरल्या. "मामा," त्या म्हणाल्या, "इथे कधी रंग होता हे मी स्वतः डोळ्यांनी बघितलं नसतं, तर मला खरं वाटलं नसतं."

"म्हंजी, काय दिसत न्हाई?" मामांनी विचारलं.

"काही दिसत नाही."

"कुटंच न्हाई?"

"कुठेच नाही."

मामांनी डोळ्यांना रुमाल लावला. मीही दुसरीकडे बघितलं. आजवर मी लोकांना केलेल्या कामाची पाटी लावताना पाहिलंय, फोटो छापून आणताना पाहिलंय. आपण केलेलं काहीच दिसत नाही हे ऐकून रडणारा माणूस मी हा एकच पाहिला, आणि तो माझ्या नात्यातला आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

पंधरा दिवसांनी मामा-मामी विश्रामबागेला गेले. शस्त्रक्रिया चांगली झाली. आता मामा सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारतात, आणि तिथल्या पहारेकऱ्याला खुर्ची कुठे ठेवावी म्हणजे ऊन लागत नाही ते सांगतात असं बाबू म्हणतो. मी महिन्यातून एखाद्या रविवारी गडावर जातो. गडावर लोक येतात, पायऱ्या चढतात, धापा टाकतात, देवीला नारळ फोडून उतरतात. त्या पायऱ्यांवर एक माणूस दोन वर्षं बारदानावर बसून होता हे त्यातल्या कुणालाही ठाऊक नाही, आणि कळावं असं काही तिथे नाही.

मी उतरलो की मामांचा फोन येतोच. इकडचं तिकडचं ते विचारत नाहीत. "वाट नीट बगितली? पांढरं काय ऱ्हायलंय का कुटं?"

दुसऱ्या वळणावर, आठव्या पायरीच्या पोटाशी, जिथे वाकल्याशिवाय नजर जात नाही, तिथे एका फटीत नखाएवढा चुना राहिलाय. बाईंच्या नजरेतून सुटला, मामांच्याही. माझ्या पिशवीत कामटी असते. दोन मिनिटांचं काम आहे. दर वेळी मी तिथे वाकतो, बघतो, आणि तसाच वर जातो.

"काही नाही, मामा," मी सांगतो. "सगळं साफ आहे."

"मंग झालं," मामा म्हणतात, आणि फोन ठेवतात.